कण्हणारी कोठी

कोठीच्या पत्र्यावर दव पडले होते, पण सगळीकडे नाही. खालचा अर्धा भाग कोरडा होता. त्याच्या वर एक रुंद ओला पट्टा कोठीभोवती गोल फिरला होता, आणि छपराजवळ पत्रा पुन्हा कोरडा.

“कुणीतरी धुतलेली दिसतेय,” गाडेकर म्हणाले.

“फक्त मधूनच?” सुकन्याने विचारले.

“पाणी पुरलं नसेल.”

सुकन्या भिंगारदिवे हसली नाही. मान वर करून ती त्या पट्ट्याकडे पाहत राहिली. नगरला सावेडीत तिचे खाजगी तपासाचे कार्यालय होते. राधाकृष्ण गाडेकर पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून तिची गाडी चालवत आणि प्रत्येक प्रकरणात सर्वांत आधी चुकीच्या माणसावर संशय घेत. दोन्ही कामे ते मनापासून करत.

जानेवारीतली रविवारची सकाळ होती. प्रवरेवरून आलेले धुके उसाच्या फडांत अडकून बसले होते. कोल्हारच्या अलीकडे आत वळले की पिंपळखडा लागते. गावाच्या टोकाला चर्च, आणि चर्चच्या मागे जुन्या दगडी जोत्यावर ही लोखंडी कोठी. तीन मजली घराएवढी उंच. रुंदीला मात्र तीन माणसांनी हात पसरून कवेत घ्यावी एवढीच. बाजूने वर जाणारी शिडी. तळाला धान्य सोडायची सरकती झडप. आणि मध्यावर, ओला पट्टा जिथून सुरू होत होता तिथेच, माणूस वाकून जाईल एवढी एक गोल खिडकी. तिच्या झाकणाला बाहेरून लोखंडी अडसर होता.

“मॅडम, मीच काल फोन केला होता.”

मागे एक बाई उभी होती. एस्तेर पातारे, आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा. तिच्या मुठीत दम्याचा पंप होता.

“जेम्स काल दुपारी घरातून गेले ते आलेच नाहीत. फोन सारखा कव्हरेजच्या बाहेर लागतोय. चौकीवर गेले, तर म्हणाले उद्यापर्यंत वाट बघा, शाळामास्तर आहे, येईल. पण हा पंप घरीच राहिलाय. पंपाशिवाय ते गावाबाहेर पाऊल टाकत नाहीत. धूळ छातीत गेली की...”

“कुठे जातो म्हणाले होते?”

“चर्चकडे. आज कोठी उघडायचा दिवस आहे ना. ते या वर्षी नवे पंच झालेत.”

*

कोठीचा रिवाज पाळक योहान लोंढे यांनी सांगितला. दिवाळीनंतर बाजरीची सुगी झाली की मंडळीतले प्रत्येक घर आपल्या वाट्याचे धान्य आणून वरून कोठीत ओतते. शेवटी वरची पातळी हाताने सारखी करतात आणि तिच्यावर राखेने क्रूस काढतात. मग झाकणाला कुलूप. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी ज्येष्ठ पंच वरून धान्यावर उतरतो, क्रूसाच्या मधोमध सूप भरतो. नंतर खालची झडप उघडून बाजरी वाटतात. गरजूने फक्त पिशवी आणायची. जात, धर्म, गाव, काही विचारत नाहीत.

“पूर्वी खळ्यावर राशीला राखेचा ठसा मारायचे, तसाच हा क्रूस,” पाळक म्हणाले. “कुणी मूठभर जरी घेतलं तरी राख मोडते. माणसाला फसवता येईल, राखेला नाही.”

“आणि हा काटा?” सुकन्याने जोत्यातल्या एका काचेकडे बोट दाखवले.

“कोठीचा तळ भिंतींपासून सुटा आहे. तो वजनकाट्यावर बसवलाय. भिंती मात्र जोत्यावर उभ्या आहेत. भरल्या दिवसापासून काटा जवळजवळ तिथेच आहे. केसभर मागे आला असेल, थंडीनं.”

“भरताना तुम्ही काट्याकडे पाहत होतात?”

“हो. पहिल्या पोत्यांना भराभर चढला. मग अर्धी कोठी व्हायच्या आतच थांबला. पुढे कितीही ओतलं तरी हलेना. जेम्स म्हणाला, काटा बिघडलाय. शमुवेलकाका म्हणाले, काटा थांबला म्हणजे पोट भरलं.” पाळक किंचित हसले आणि लगेच गंभीर झाले. “तुम्ही जेम्सला शोधायला आलात ना? मग कोठीत काय बघताय?”

“ते कोठीकडे यायला निघाले होते, म्हणून.”

आवारात गोळा झालेल्या बाया कोठीपासून चांगल्या लांब उभ्या होत्या. मुलांना हाताला धरून मागे ओढत होत्या. गाडेकरांनी ते हेरले.

“साहेब, लोक घाबरतात का हिला?”

पाळक जरा अवघडले. “जुनी गोष्ट आहे. या जोत्यावर दुष्काळात धान्याचं कोठार होतं. त्यात एक बाई धान्याखाली दबून मेली, असं सांगतात. झडप उघडून बाजरी सुटली की कोठी कण्हते. अगदी माणसासारखी. आम्हाला सवय आहे. पण या वर्षी...”

“या वर्षी काय?”

“झडप बंद असतानाही कण्हते. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभेला आम्ही सगळे आत असतो, तेव्हा. लांबलचक, खालच्या सुरात. गाणं म्हणता म्हणता सगळे थांबतात. बाहेर येऊन बघावं तर आवाज बंद. झडपेला कुलूप जसंच्या तसं.”

“सगळे आत असता?”

“हो, सगळेच. एक शमुवेलकाका नसतात. त्यांच्या कोंबड्यांची दाण्याची वेळ तीच.”

*

शमुवेल पारखे ज्येष्ठ पंच होते. कोठीच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. उंच, वाळका माणूस. पांढरे धोतर, काळा कोट, मंडळीत वजन असलेला आवाज.

“सलाम, बाई. वर बघायचं म्हन्ता? चला.” आणि ते सरसर शिडी चढले. गाडेकर दोन पायऱ्यांतच धापा टाकू लागले, म्हणून ते खालीच थांबले.

वर शमुवेल यांनी कुलूप काढून झाकण उचलले. सुकन्याने आत डोकावले. तोंडाच्या हातभर खाली बाजरी सपाट पसरली होती. तिच्यावर राखेचा क्रूस, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, कुठेही न मोडलेला. आतून शिळ्या भाकरीसारखा आंबूस वास आला.

“वास येतोय.”

“दिवाळीनंतर अवकाळी झाला, तवा झाकणाच्या फटीतून पानी गेलं थोडं. वरच्या थराला लागलं आसंल.”

सुकन्याने हात पुढे केला तसा त्यांनी तो अडवला. “उपासनेआधी हात लावायचा न्हाई, बाई. रिवाज हाय.”

“आज यावर तुम्हीच उतरणार ना?”

“दरसाल मीच उतरतो. औंदा गुडघा धरलाय. पाळकसाहेबांना म्हनलं, तुमी उतरा.”

खाली आल्यावर तिने जेम्सबद्दल विचारले.

“काल दुपारी बघितला की. सडकेकडं चालला हुता. पाथर्डीची जीप उभी हुती, त्यात बसला.”

“घाईत होते?”

“लई. चपला फटाफटा वाजवत गेला. मी हाक मारली, वळला बी न्हाई.”

“पाथर्डीला कशाला जातील ते?”

“त्या मुकादमालाच इचारा. दोघांचं भांडान सगळ्या गावाला ठावं हाय.”

गाडेकरांनी सुकन्याकडे विजयी नजरेने पाहिले. “मॅडम, मुकादम. लिहून ठेवा.”

*

मुकादम अजिनाथ खेडकर ऊसतोड टोळीच्या कोप्यांपाशी जीपला टेकून तंबाखू मळत होता. चर्चच्या कुंपणाला लागूनच पाथर्डीकडच्या टोळीने पाचटाच्या या तात्पुरत्या झोपड्या घातल्या होत्या.

“मास्तर? व्हय, भांडलो. चोरून न्हाई, चारचौघांत भांडलो. पोरं शाळंत पाठवा म्हनतो. पोरं शाळंत गेल्यावर धाकली लेकरं कोन सांभाळायचं, हा?”

“काल ते तुमच्या जीपमध्ये बसले?” गाडेकरांनी पोलिसी आवाज काढला.

“मास्तर? माझ्या जीपमंदी?” अजिनाथ खो खो हसला. “हवालदारसाहेब, काल जीपमंदी मुंगीला जागा न्हवती. एवढी खच्चून माणसं की घाटात ब्रेक मारला तरी मधला माणूस हलला न्हाई. कडंच्यांच्या बरगड्या दाराला लागून बोंबलत हुत्या. मास्तर कुठं बसला आसंल, टपावर?”

सुकन्या एकदम थांबली. “पुन्हा सांगा. मधला हलला नाही?”

“हलंल कसा? ह्यो त्याच्यावर, त्यो ह्याच्यावर रेटलेला. समदा रेटा जातो दाराला.”

“आभारी आहे,” ती म्हणाली, आणि वळून भराभर चर्चकडे चालू लागली. गाडेकर मागून पळाले.

“मॅडम, याला सोडलंत? हसत होता तो. गुन्हेगारच हसतात.”

“तुम्हीही हसता, गाडेकर.”

चर्चच्या ओवरीत चढताना गाडेकर कशाला तरी अडखळले. दाराशी एका कडेला पुरुषी चपलांचा एक जोड होता. दार अजून उघडलेले नव्हते. आत कुणीच नव्हते.

एस्तेर मागून आली. चपलांकडे नजर जाताच तिने वाकून एक उचलली. “यांच्याच आहेत. हा अंगठा मी शिवून घेतला होता.”

“चर्च काल दुपारी उघडं होतं?”

“नाही. पाळकसाहेब कोल्हारच्या बाजारात होते. किल्ली त्यांच्याकडेच असते.”

“म्हणजे जेम्स अनवाणी आहेत,” सुकन्या हळूच म्हणाली. “एस्तेरताई, तुमच्याकडे माणूस चपला कुठे कुठे काढतो?”

“घरात. चर्चमध्ये.” एस्तेर थांबली. “आणि राशीवर. धान्यावर चप्पल घालून कुणी पाय देत नाही.”

त्याच वेळी घंटा वाजू लागली. लोक चर्चकडे न येता कोठीकडे निघाले. कोठी उघडायच्या दिवशी उपासना तिथेच सुरू होते.

कुंपणापलीकडून एक बाई हात हलवत होती. काळीसावळी, डोक्याला फडके बांधलेली, टोळीतली.

“बाई, ओ बाई! मला काय तरी सांगायचंय. ह्यांला सांगितलं तर मलाच येड्यात काढत्यात.”

“तुमचं नाव?”

“लंकाबाई. काल दिवस मावळतीला मी कुंपनाशी काटक्या येचत हुते. तवा कोठी बोलली.”

“कण्हली?” गाडेकरांनी विचारले.

“कन्हनं निराळं. त्ये मला ठावं हाय, मागच्या बुधवारी बी आयकलं. हे बोलनं हुतं. हळू, लांबून आल्यावानी. टोळीतल्या बाया म्हनल्या, ती कोठीतली बाई. आवं, बाई कशाची? बापयाचा आवाज हुता. आन मधीच खोकला.”

“खोकला?”

“खोल हिरीत माणूस खोकावा तसा. मग सळसळ झाली आन समदं गप. पहाटं परत टकटक हुती. लई हळू. नखानं वाजवावं तशी.” तिने अंगावर पदर ओढून घेतला. “भूत खोकतं व्हय, बाई?”

सुकन्या केव्हाच वळली होती. ती कोठीकडे धावत सुटली होती.

*

पाळक लोंढे वर पोहोचले होते. झाकण उघडे होते. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून त्यांनी एक पाय आत टाकला होता. खाली माणसे गीत म्हणत होती.

“गाडेकर, त्यांना थांबवा! धान्याला पाय लावू देऊ नका!”

गाडेकरांचा आवाज तीस वर्षे मोर्चे अडवण्यात तयार झालेला होता. “ए साहेब! पाय वर!”

गीत तुटले. पाळक जिथल्या तिथे गोठले. एक पाय शिडीवर, एक हवेत.

सुकन्या शिडीच्या मध्यावर, त्या गोल खिडकीपाशी पोहोचली होती. तिने अडसराला हात घातला तसा गलका उठला.

“बाई, येडी का खुळी? भरली कोठी हाय!”

“समदी बाजरी अंगावर येईल!”

“कोठी भरलेली असताना ती खिडकी कधीच उघडत नाहीत!” वरून पाळक ओरडले.

“म्हणूनच कुणी उघडली नाही,” सुकन्या म्हणाली. “आता सगळे गप्प राहा. शिडीला, पत्र्याला कुणी धक्का लावू नका.”

तिने अडसर हळूहळू सरकवला. झाकण बाहेर ओढले.

बायांनी मुलांचे डोळे झाकले. बाजरीचा लोट येईल म्हणून पुढची माणसे मागे सरली.

काहीच आले नाही. एक दाणासुद्धा नाही. आत काळा, थंड पोकळ अंधार होता, आणि त्यातून तोच आंबूस वास येत होता.

मग त्या अंधारातून एक हात बाहेर आला.

धुळीने पांढराफटक झालेला, बोटे वाकडी झालेला. तो कडेला चाचपडत राहिला. कुणीतरी किंचाळले. लोक गुडघ्यांवर बसले.

एस्तेर मात्र शिडीकडे झेपावली. “तो त्यांचा हात आहे! जेम्स!”

“हाक मारू नका,” सुकन्या कुजबुजली. “गाडेकर, वर या. हळू.”

धापा विसरून गाडेकर चढले. दोघांनी मिळून जेम्सला काखेत धरून बाहेर ओढले. त्याचे ओठ निळे पडले होते. छातीत शिट्टी वाजत होती. खाली आणल्याबरोबर एस्तेरने पंप त्याच्या तोंडाला लावला. एकदा. पुन्हा एकदा. कोठीकडे कुणाचे लक्षच नव्हते.

म्हणूनच तो आवाज आला तेव्हा सगळे दचकले. वरून आधी बारीक कडकड झाली. झाकणाला धरून उभ्या असलेल्या पाळकांनी आत पाहिले आणि ते पांढरे पडले. नंतर ते सांगत, “क्रूस मधोमध वाकला. कुणीतरी खालून ओढावा तसा. आणि गेला.”

कोठी कण्हली. लांब, खालच्या सुरात, जोत्याच्या दगडांतून पायांना जाणवेल अशी. मग मधल्या खिडकीतून धूळ आणि बाजरी भसकन बाहेर पडली. आत जेम्स काही क्षणांपूर्वी जिथे उभा होता, तिथे आता माणसाच्या उंचीचा ढीग होता.

*

लिंबाखाली बाकावर जेम्स घोंगडी पांघरून बसला होता. श्वास सुरळीत होत आला होता. एस्तेर त्याचा हात सोडत नव्हती. भोवती सगळी मंडळी. मुले सर्वांत पुढे.

“मॅडम, माझ्या डोक्यात काहीच शिरत नाहीये,” गाडेकर म्हणाले. “काटा सांगतो भरलेली. क्रूस सांगतो भरलेली. आणि आत माणूस!”

“पाळकसाहेब, घरातला वजनकाटा मिळेल? आणि पाण्याच्या पाइपचा एक लांब तुकडा. बाजरी तर आहेच.”

वस्तू आल्या. तिने पाइप काट्याच्या ताटलीवर उभा धरायला लावला. “गाडेकर, खाली टेकू देऊ नका. ताटलीपासून जरासा वर. दाणे गळणार नाहीत एवढाच.”

ती ओंजळीओंजळीने बाजरी ओतू लागली. “मुलांनो, काटा वाचा.”

“चढला!” मुले ओरडली. “अजून चढला!... थांबला. बाई, थांबला!”

“मी तर अजून ओततेय.”

“तरी थांबलाय!”

“मॅडम,” गाडेकर हळूच म्हणाले, “पाइप जड व्हायला लागलाय.”

सुकन्या पहिल्यांदा हसली. “तेच मला तुमच्याकडून हवं होतं. पाणी असतं तर सगळा भार तळावर आला असता. दाण्याचं तसं नाही. एक दाणा खाली दोन-तीन दाण्यांवर बसतो, त्यांना खालीही रेटतो आणि बाजूलाही. ते पुढच्यांना रेटतात. जोराची अशी वाकडीतिकडी साखळी फिरत फिरत भिंतीला जाते, आणि भिंतीला घासून तिथेच अडकते. वरच्या दाण्यांचा भार मग तळाला कळतच नाही. भिंत तो उचलते. अजिनाथभाऊंच्या जीपमध्ये मधला माणूस हलत नाही आणि दाराजवळच्याच्या बरगड्या मोडतात, तसंच.”

अजिनाथ मागे उभा होता. त्याने अभिमानाने आजूबाजूला पाहिले.

“म्हणून कोठी भरताना काटा अर्ध्यातच थांबला. बिघडला नव्हता. आणि म्हणूनच मधली बाजरी गेली तरी तो फारसा उतरला नाही.”

“पण क्रूस?” पाळक म्हणाले. “आम्ही राखेवर विश्वास ठेवला.”

“अवकाळीचं पाणी वरच्या थरात मुरलं. भिजलेली बाजरी फुगली, आंबली, एकमेकींना चिकटली. कुणीतरी खालच्या झडपेतून धान्य काढत राहिलं. खालचं उतरत गेलं, पण तो चिकटलेला थर भिंतींना रेटून तसाच वर अडकून राहिला. कमानीचे दगड एकमेकांना दाबून उभे राहतात, तसा. क्रूस मोडला नाही, कारण क्रूसाखालचा थर हललाच नव्हता. पण त्याच्याखाली पोकळी होती. आज सकाळी दवानं ती मला दाखवली. पत्र्यामागे धान्य असेल तर पत्रा रात्री लवकर गार होत नाही. नुसती हवा असेल तर होतो, आणि त्याच्यावर दव धरतं. खाली कोरडं, मधे ओलं, वर कोरडं. मी पाहिलं, पण लगेच समजलं नाही. समजायला हवं होतं.”

“आणि कन्हनं?” लंकाबाईने विचारले.

“दाणे भिंतीला अडकत, सुटत, पुन्हा अडकत उतरतात. त्या धक्क्यांनी सगळा पत्रा घुमतो. कोठी कण्हते ती फक्त धान्य हलतं तेव्हा. म्हणजे बुधवारी संध्याकाळी कुणीतरी झडप उघडत होतं. तेही मंडळी सभेत असताना, किल्लीने.”

हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

“शमुवेलकाका,” सुकन्या म्हणाली, “सभेला न येणारे तुम्ही एकटे. किल्ल्या तुमच्याकडे. सकाळी तुम्ही शिडी सरसर चढलात, आणि धान्यावर उतरायचं म्हटलं तेव्हा मात्र गुडघा दुखला. वरून पाय पडला तर काय होईल, ते तुम्हाला माहीत होतं. आणि जेम्सना तुम्ही चपला वाजवत जाताना पाहिलं. त्या चपला ओवरीत होत्या. चपला सोडून चपला वाजवत कुणी जाईल का?”

शमुवेल यांचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

जेम्स खोल आवाजात म्हणाला, “झडपेखाली चिमण्या बाजरी टिपत होत्या. बंद झडपेखाली दाणे कुठून आले, म्हणून मी वर चढलो. अडसर काढला, तर दाणा आला नाही. खाली येऊन चपला ओवरीत ठेवल्या आणि परत चढून आत उतरलो. मान वर केली तर डोक्यावर बाजरीचं छत. तेवढ्यात खिडकी बंद झाली. ओरडलो, तसं छतातून बाजरी गळायला लागली. मग ओरडायचं सोडलं. नखानं वाजवत राहिलो.”

“कोंबड्यांसाठी,” शमुवेल म्हणाले. त्यांच्या आवाजातले वजन गेले होते. “आधी दोन घमेली. म्हनलं, भरून टाकू. मग पोत्यानं काढत गेलो. काटा उतरंना. वर जाऊन बघितलं, क्रूस मोडंना. मला वाटलं...” ते अडखळले. “मला वाटलं देवच झाकतोय. काल जेम्सची पाठ दिसली आन हात आपोआप अडसराकडं गेला. मागून उघडायला गेल्तो. आतनं म्हनला, शमुवेलकाका, तुमीच हाय ना? मग हात उठंना.”

“आणि आज पाळकसाहेबांना त्याच्यावर उतरवणार होतात,” गाडेकर म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

पाळकांनी तोंड फिरवले.

एस्तेर उठली. जेम्सचा हात तिने पहिल्यांदाच सोडला होता. ती शमुवेल यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काका, काल संध्याकाळी मी तुमच्या घरी आले होते. काकूंनी चहा दिला. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि माझ्यासोबत गुडघे टेकलेत. मी मोठ्यानं प्रार्थना करत होते, हे सापडावेत म्हणून. तुमचे ओठ नुसते हलत होते. तुम्ही काय मागत होतात?”

गाडेकरांनी फोन करून बोलावलेली चौकीची गाडी वळणावर दिसू लागली होती. शमुवेल यांनी कमरेच्या किल्ल्या सोडून पाळकांच्या पायाशी ठेवल्या.

“सकाळ हू नये,” ते म्हणाले. “एवढंच.”

एस्तेरने परत येऊन जेम्सच्या खांद्यावरची घोंगडी सारखी केली, त्याला उठवले, आणि दोघे सावकाश घराकडे चालू लागले.